वर्गात काका म्हणायचं नाही

वर्गात काका म्हणायचं नाही, ही अट काकांनीच घातली होती. पहिल्याच दिवशी, स्कूटर स्टँडला लावता लावता. चिंगी त्यांची सख्खी पुतणी, त्यांच्याच खांद्यावर बसून वाढलेली. आता दोघं संध्याकाळच्या एकाच कोर्सला. प्रोग्राम लिहिता लिहिता केस पिकलेल्या काकांना ऑफिसने परत शिकायला धाडलं होतं, कारण त्यांच्या जुन्या पद्धतीला आता कुत्रं विचारीना. त्यात पोरं ‘चिंगीचे काका’ म्हणायला लागली तर उरलीसुरली पतही गेली! "इथे नातं आणायचं नाही," त्यांनी बजावलं. चिंगी हसून बरं म्हणाली. पोरांनी त्यांना ‘सीनियर’ म्हणायला सुरुवात केली. त्यात आदर किती आणि टिंगल किती, याच्या फंदात काका पडले नाहीत.

कोर्सचे सर फळ्यापाशी येतच नसत, मागच्या बाकावर बसत. दर आठवड्याला एका विद्यार्थ्याने सेमिनार घ्यायचा आणि एखाद्या कामाचा आराखडा मांडायचा. त्या कामात कोणकोण आहे ते शोधायचं, प्रत्येकाची एक चौकट काढायची, ती चौकट काय जाणते, काय करते, कोणाशी बोलते ते ठरवायचं. प्रोग्राम त्यानंतर. काकांचा उभा जन्म आधी प्रोग्राम आणि मग विचार करण्यात गेलेला. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. ज्याच्या प्रश्नाने बोलणारा अडेल त्याला जादा गुण आणि अडणाऱ्याचे तेवढे वजा. शेवटी जो पहिला येईल त्याला एक कंपनी ट्रेनी म्हणून घेणार होती. काकांना त्याचं काय, त्यांना नोकरी होती. चिंगीचा मात्र सगळा जीव त्या जागेत अडकला होता.

घरी मामला उलटा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर चिंगी शिकवायची आणि काका डोकं खाजवायचे. तिच्या सेमिनारच्या आदल्या दिवशी तिने दवाखान्याचा आराखडा त्यांच्यापुढे पसरला. वर माणसाची चौकट, तिच्यातून फुटलेल्या दोन, डॉक्टर आणि पेशंट.

"काका, यात एक भोक आहे," ती म्हणाली. "डॉक्टरच आजारी पडला तर? एकच माणूस दोन्ही चौकटींत कसा बसवायचा? कोणी विचारलं तर माझी बोलती बंद."

अगं, एवढ्या खोलात कोण जातंय, म्हणत काकांनी तिच्या पाठीवर थोपटलं.

दुसऱ्या दिवशी पोरगी फार छान बोलली. काका कौतुकाने मान डोलावत होते. तेवढ्यात शेजारचा पोरगा कुजबुजला, की सीनियर कधीच प्रश्न विचारत नाहीत, काही कळत नसणार. झालं! काकांचे कान तापले आणि हात वर गेला. हात कसा गेला कोण जाणे, असं त्यांनी पुढे स्वतःला कितीदा तरी समजावलं. पण त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना भाव खायचा होता, आणि खिशात प्रश्न एकच होता, तोही उसना.

"डॉक्टरच आजारी पडला तर?" त्यांनी विचारलं.

चिंगी त्यांच्याकडे बघत राहिली. रागाने नाही; काका विसरले की काय, अशी. हा प्रश्न माझाच आहे, एवढं ती म्हणाली असती तरी काकांची लाज वेशीवर टांगली गेली असती. "मला माहीत नाही," एवढंच म्हणून ती खाली बसली. मग सरांनी मागून समजावलं: डॉक्टर असणं, पेशंट असणं या माणसाच्या भूमिका. माणूस एकच ठेवा आणि भूमिका त्याला हव्या तितक्या जोडा. काकांना गुण मिळाले, पोरांनी बाक वाजवले. काका क्षणभर फुगले, पण चिंगीकडे बघायचं त्यांनी टाळलं.

 घरी माफी मागायला म्हणून ते तिच्या खोलीच्या दारापर्यंत जात आणि पंखा बंद कर, वीज जळते, असलं काहीतरी बोलून परत फिरत. टेबलावरची शिकवणी बंद पडली. माझा अभ्यास खूप आहे, असं चिंगीने साधेपणाने सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटे.

सगळ्यात शेवटचा सेमिनार काकांचा. तोवर चिंगी थोडक्यासाठी दुसरी होती. आणखी एकाला अडवलं तर ती पहिली येणार होती, आणि अडवायला आता काकाच उरले होते. त्यांनी वाचनालयाचा आराखडा एकट्याने, कसाबसा रचला होता. अर्ध्यावर आल्यावर, हातात खडू असतानाच, त्यांचं त्यांनाच दिसलं. पुस्तकाची चौकट एकच होती. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असल्या आणि त्यातली एक हरवली, तर या आराखड्यात दोन्ही हरवत होत्या! त्यांनी चिंगीकडे पाहिलं. तिची नजर नेमकी त्याच चौकटीवर होती, आणि तिचा हात वर गेला.

विचार बाई, काका मनात म्हणाले, फिटू दे एकदाचं.

"वाचनालय सांभाळणारा माणूसच सभासद असला तर?" चिंगीने विचारलं.

तो तिचाच जुना प्रश्न, फक्त कपडे बदललेला. त्याचं उत्तर आता सगळ्या वर्गाला पाठ होतं. माणूस एक, भूमिका दोन, असं काका म्हणाले. पोरांनी बाक वाजवले. प्रतींचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. आपणच बोट दाखवून सांगावं, हे भोक हिला कधीच दिसलंय, गुण हिला द्या, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण त्यांनी खडू ठेवला, हात झटकले आणि जागेवर जाऊन बसले. चिंगी दुसरीच राहिली.

स्टँडपाशी त्यांच्याने वर बघवेना. "तुला ते प्रतींचं दिसलं होतं ना?"

"हो."

"मग विचारलं का नाहीस?"

"वर्गात नातं आणायचं नाही, असं तुम्ही सांगितलं होतं," चिंगी हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाली. "मला नाही जमलं, काका."

आणि ती मागच्या सीटवर बसली.