चिकाचा कप्पा

वारज्यातल्या नव्या इमारतींच्या मधोमध मच्छिंद्राचा पत्र्याचा गोठा उरला होता आणि गोठ्यात एकच गाय, चंद्री. बायको गोदाबाई दोन वर्षांपूर्वी गेली, मुलगा विक्रम खराडीला राहायला गेला. तेव्हापासून मच्छिंद्र दिवसभरात जे काही बोले, ते चंद्रीशीच.

ती गाभण चंद्री आज तापाने फणफणली होती. वैरणीला तोंड लावत नव्हती. डॉक्टर तनुजा आल्या, त्यांनी मानेतून नळीभर रक्त काढलं.

"गोचीडताप दिसतोय, मामा. पण त्याचे प्रकार दोन आणि औषधंही वेगळी. रक्त न तपासता भलतंच औषध दिलं, तर गाय हातची जाईल. आज रविवार. नळी फ्रिजमध्ये ठेवा, उद्या सकाळी प्रयोगशाळेत द्या."

मच्छिंद्राने नळी अगदी वर, बर्फाच्या कप्प्यात ठेवली. गाय व्याली की गोदाबाई तिथेच खरवसाचा चीक ठेवायची. घरोघरी वाटून होईपर्यंत तो नासत नसे. आता चीक मागायला येणारं कोणी उरलं नव्हतं. कप्पा रिकामाच होता.

सोमवारी प्रयोगशाळेतल्या नम्रताबाईंनी नळी उजेडात धरली.

"अहो काका, रक्त आणलंत की कुल्फी?"

"फ्रिजात ठेवा म्हनल्या डाक्टरीनबाई. जितकं गार तितकं चांगलं, न्हाई का?"

"नाही ना. रक्तातली तांबडी पेशी म्हणजे पाण्याने भरलेला इवलासा फुगा समजा. पाणी गोठलं की फुगतं, फुगा फुटतो. जंतू असतो त्या फुग्याच्या आत. त्याचं घरच मोडलं, तर शोधायचं कुठे?"

मच्छिंद्राचं तोंड उतरलं. "म्हंजी माझ्यापायी एक दिस वाया गेला."

नम्रताबाई जरा नरमल्या. त्यांनी तनुजांना फोन लावला. डॉक्टर संध्याकाळपर्यंत बाहेरगावी होत्या. मग नम्रताबाईंनी काचेच्या पट्ट्या काढल्या, एकीवर लाल शाईचा थेंब टाकला आणि दुसरीच्या कडेने तो पातळ पसरून दाखवला.

"कानाच्या कडेला सुई टोचा. एकच थेंब. वाऱ्यावर वाळू द्या, पाणी लावू नका. आणि गाय धरायला कुणाला तरी बोलवा."

कुणाला? पूर्वी नुसती हाक मारली की चौघं धावत यायचे. त्याने विक्रमला फोन केला.

"आबा, मीटिंगमध्ये आहे. नंतर करतो."

पट्ट्या घेऊन गोठ्यात परतल्यावर मच्छिंद्राने एकट्यानेच दावं आखडलं. चंद्री मान झटकत होती. पहिला थेंब जाड पडला, काच वाया गेली. मग त्याने तिचं तापलेलं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि कानाशी पुटपुटला, "गप उभी ऱ्हा गं. चुकलो मी." ती उभी राहिली. दुसरी काच साधली. वाळल्यावर त्याने ती पानाच्या डब्यात जपून ठेवली आणि रिक्षा पकडली.

दुपारी जंतू सापडला. संध्याकाळी तनुजांनी नेमकं औषध टोचलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात रवंथाचा आवाज आला. मच्छिंद्राने अहवालाचा कागद काढला आणि चंद्रीला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. तेवढ्यात फोन वाजल्यासारखा वाटला. बघितलं, तर विक्रमचा फोन आलेला नव्हता.

"व्यायला म्हैनाभर हाय तुला," तो तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला. "यंदा चीक द्यायला घरं हायेत बघ." आणि एकेक बोट दुमडत मोजू लागला. "एक डाक्टरीनबाई. दुसऱ्या त्या कुल्फीवाल्या."

तिसरं बोट तसंच उभं राहिलं.