सासूबाईंचा आकडा

खिडकीत पालथं घातलेलं एक ताट.

पित्ताशयातला खडा, वाटाण्याएवढा.

सफरचंदाच्या फोडी, कडा तपकिरी पडलेल्या.

"माहेरून आणलं काय, तर ताप!"

ते ताट सुनेचं, ते बोल सासूबाईंचे. घरात वरचेवर टायफॉइड यायला लागला आणि सासूबाईंनी तिचा हात स्वयंपाकाला लागू देणं बंद केलं. भांडी घासायला मात्र तोच हात चालत होता! सुनेची लेक पुन्हा आजारी पडली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांनाच तपासलं.

रिपोर्ट आले. सून कोरी. सासूबाईंच्या रक्तात मात्र टायफॉइडच्या जंतूशी लढणारी प्रतिपिंडं नुसती उतू चालली होती.

सासूबाई खुर्चीत ताठ झाल्या. "बघा माझा आकडा! म्हणूनच मला ताप शिवत नाही. आणि हिच्या रक्तात? भोपळा!"

"आजी, ही शाबासकी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चोर तुमच्या पित्ताशयात खड्याला चिकटून मजेत बसलाय. तो हलत नाही, म्हणून रक्तात पहारेकऱ्यांची भरती चालूच आहे. शौचाच्या तपासणीतही तोच जंतू सापडला. तुम्हाला काही होत नाही, पण तुमच्या हातून तो दुसऱ्यांच्या पोटात जातो. औषध घ्या, मग ऑपरेशनचं बघू. तोवर स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही."

घरी आल्या आल्या सासूबाईंनी सुरी घेतली. अंथरुणातल्या नातीसाठी सफरचंद चिरलं. "त्या डॉक्टरणीला काय कळतंय? माझं रक्त खणखणीत आहे."

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"अगं, आजच्या दिवस राहू दे. आईला वाईट वाटेल."

"वाईट? माझं ताट वेगळं झालं तेव्हा कुणाला वाटलं होतं? गिळा मूग, बसा गप्प! तेवढंच येतं तुम्हाला."

लेकीने फोडीसाठी हात पुढे केला. सुनेने बशी हिसकावून फोडी कचऱ्यात उलट्या केल्या. सुरी उकळत्या पाण्यात टाकली. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि दुसरं सफरचंद उचललं.

"माझ्या घरात, माझ्या देखत—"

"आई, बाहेर बसा. ताट खिडकीत आहे. जेवून झाल्यावर तुमचं तुम्ही घासा."

सासरे याच तापाने गेले, तेव्हा या सुनेचं लग्नही ठरलेलं नव्हतं.