तांड्याच्या विहिरीचा दोर

मी एक जुना दोर आहे, मित्रांनो. अंबाडीच्या वाखाचा, तीन पेडांचा, मनगटाएवढा जाड. सध्या नानीबाईच्या घरात खुंटीला टांगलेला असतो. येणारे-जाणारे विचारतात, हा कचरा कशाला ठेवलाय? मला राग येत नाही. मी काय काय पाहिलं ते त्या बिचाऱ्यांना ठाऊक नाही, एवढंच.

साखरा गावच्या मुंजाजीने मला वळलं, ते साल एकोणीसशे ब्याण्णव. अंबाडी नाल्यात भिजवून, सोलून, वाख वाळवून तो आठ दिवस मला पीळ देत होता. शेवटी त्याने मला बाभळीला बांधलं, स्वतः लोंबकळून पाहिलं आणि समाधानाने विडी पेटवली. त्या दिवशी मी जरा फुगलोच होतो.

तिथून मी गेलो सेनगाव तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावर. तांड्याला विहीर नव्हती. बायका डोक्यावर घागरी घेऊन अर्धा कोस चालत. तांड्याचा नाईक होता रूपसिंग. लाल फेटा, उंच काठी, आणि आवाज असा की पलीकडच्या शेतातली गुरं चरायची थांबत. त्याने माळावर काठीने रेघ मारली आणि विहीर इथेच होईल असं सांगितलं. तीन लाकडं उभी केली, वर चाक बसवलं, चाकावरून मला खाली सोडलं आणि माझं काम सुरू झालं.

दोराला डोळे नसतात म्हणतात, पण हात कळतात. दहा माणसं मला धरत. भित्र्याची पकड घामेजलेली, आळशाची सैल, तापट माणूस तर मला आधीच हिसका द्यायचा. वीस हात आणि वीस तऱ्हा. पण रूपसिंग "ओढा" म्हणाला की त्या वीस हातांचा एकच हात व्हायचा. माझ्या अंगावर काटा यायचा. एका माणसाच्या शब्दात एवढं बळ कुठून येतं, याचं मला आजही नवल वाटतं.

एका दुपारी विहिरीची कड सुटली. खाली दोघे जण होते. रूपसिंग एकदाच ओरडला. काय, का, कसं, कुणी विचारलं नाही. पापणी लवते न लवते तोच दोघे वर आले आणि त्यांच्या जागेवर दगडांचा ढीग पडला. नाईक असावा तर असा, असं मी मनाशी पक्कं केलं.

पण चाळीस हात खोल गेलो, तरी विहीर कोरडीठाक. सगळा उन्हाळा पाण्यात गेला असं म्हणावं, तर पाणीही नव्हतं. मग एके दिवशी दगडाच्या पाट्या वाहणारी नानीबाई दुसऱ्या बाईजवळ हळूच बोलली. नाल्याकाठचा उंबर वैशाखातही हिरवागार असतो, पाणी तिथे आहे, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. रूपसिंगच्या कानावर ते गेलं. मग आधी काहून सांगितलं नाही, असं त्याने तिला विचारलं.

"तुमी कधी पुसलंच न्हाई, नाईक," नानीबाई म्हणाली.

रूपसिंगने कोरड्या विहिरीवरचं चाक स्वतःच्या हाताने उतरवलं. ज्या धाकाने दोघांचा जीव वाचवला, त्याच धाकाने सगळ्यांची तोंडं बंद केली होती. दुसऱ्या दिवशी सगळ्या तांड्यादेखत त्याने आपला नाईकपणाचा फेटा पुतण्याच्या, गुलाबचंदच्या डोक्यावर ठेवला. एवढा मोठा माणूस स्वतःहून खाली बसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

गुलाबचंदची रीतच निराळी. तो सगळ्यांना विचारायचा. म्हाताऱ्यांना, सुनांना, गुराख्यालासुद्धा. महिनाभर बैठकाच चालल्या. मी कोपऱ्यात पडून इतका कंटाळलो की उंदीर आले तरी बरं वाटायचं. पण मग उंबराजवळ खणायला घेतलं तेव्हा कुणाला हाक मारावी लागली नाही. प्रत्येकाला ती विहीर आपलीच वाटत होती. बावीस हातांवर पाणी लागलं. पहिली घागर नानीबाईने ओढली.

पुढे विहिरीची देखरेख नानीबाईच्या मुलाकडे, सुदामकडे आली. सुदाम मनाने चांगला, पण कुणाला काही सांगायचा नाही आणि कुणाला अडवायचाही नाही. ज्याला जे सुचेल त्याने ते करावं. त्यामुळे चांगलंही झालं. बायकांनी आपणहून कठडा बांधला, गड्यांनी गुरांसाठी हौद केला. पण माझे हाल झाले. कुणी मला म्हशीला बांधलं, कुणी माझ्याने शेजारच्या गोरेगावची रुतलेली जीप ओढली, आणि पुन्हा उचलून ठेवायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. चार पावसाळे मी चिखलात काढले. माझा एक पेड आतून कुजला आणि ते कुणाला कळलं नाही.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात गाळ काढायचं ठरलं. सुदामच खाली उतरला. अर्धा गाळ निघाला असेल, तोच बाजूचे दगड ढासळले आणि त्याचा पाय मोडला. त्याने कसंबसं मला कमरेला बांधून घेतलं. वरून माती सुटतच होती. लोकांनी मला हातभर ओढलं मात्र, माझा कुजका पेड कटकन तुटला. सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले.

मग बोलणं सुरू झालं. कुणी म्हणे शिडी आणा, कुणी म्हणे गोरेगावहून नवा दोर आणा, कुणी म्हणे आधी माती थांबवा. गुलाबचंद सवयीप्रमाणे एकेकाचं ऐकून घेत होता. खालून सुदामची हाक आली, "याडी!" त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. नानीबाई कठड्याला टेकून उभी होती, चाकापाशी माझ्या तुटक्या पेडावर बोट ठेवून.

गुलाबचंद मागे वळला. गर्दीच्या शेवटी म्हातारा रूपसिंग उभा होता. फेटा दिल्यापासून चारचौघांत त्याने तोंड उघडलं नव्हतं.

"काका," गुलाबचंद म्हणाला, "ही येळ माझी न्हाई. तुमी बोला."

रूपसिंग पुढे आला. आता तो पूर्वीसारखा ओरडणार, वीस हात हिसका देणार आणि माझे उरलेले दोन पेडही जाणार, या भीतीने मी आवळून गेलो. पण त्याने आधी नानीबाईकडे पाहिलं.

"नानीबाई, दोर कसा हाय?"

"एक पेड गेला, नाईक. हिसका बसला तर माझं लेकरू जाईल."

"ऐकलं समद्यांनी?" रूपसिंगचा तोच जुना आवाज माळावर घुमला. "आता माझ्याकडं कोणी पाहू नका. हिच्या हाताकडं पाहा. हात वर गेला की ओढा, खाली आला की थांबा."

कुणी का म्हणून विचारलं नाही. नानीबाईचा हात वर गेला, वीस हात हलले. खाली आला, थांबले. मित्रांनो, एवढा हळुवार भार मी आयुष्यात पेलला नव्हता. दुसरा पेड कुरकुरत राहिला, पण सुदामचं डोकं कठड्याच्या वर आलं.

गुलाबचंद फेटा काढून काकाला परत द्यायला निघाला. रूपसिंगने तो तसाच त्याच्या डोक्यावर दाबून बसवला आणि म्हणाला, "तू मला बोलावलं, तवा मी बोललो."

उद्या तुमच्यापैकी कुणाच्या तरी हाती पुढारीपण येईल, मित्रांनो. हुकूम द्यायची वेळ आली तर जरूर द्या, खणखणीत द्या. पण त्याआधी एकदा काठावर उभ्या असलेल्या माणसाला विचारा. मला तुटताना ओरडता येत नाही. ते सांगणारं माणूस तिथे असतं, फक्त त्याला कुणी विचारलेलं नसतं.