‘नो’ म्हणायचा फोन

मित्रांनो, न्यू जर्सीतल्या पार्सिपनी गावात एका घराच्या तळघरात, ख्रिसमसच्या जुन्या दिव्यांच्या माळा आणि या घरच्या मुलीचे, दीपाचे, लहानपणचे स्केट्स यांच्याखाली एक खोका आहे. त्या खोक्यात राहणारा मी एक जुना टेलिफोन. रंग फिकट पिवळा, पोटावर आकडे फिरवायची तबकडी, आणि वेटोळी वायर इतकी लांब, की बोलता बोलता अख्ख्या स्वयंपाकघरात फिरता यावं. आता मला कोणी भिंतीवर लावत नाही. पण मला अजून ऐकू येतं, आणि खरं सांगायचं तर तेच माझं दुखणं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. माझी घंटी बसवणाऱ्या बाईने ती वाजवून पाहिली आणि शेजारणीला म्हणाली, हा जरा जास्तच ओरडतो. तो दोष मानून मला कोणी परत पाठवलं नाही, म्हणून मी १९७४ साली या घरात आलो. घर त्र्यंबककाकांचं आणि प्रतिमाकाकूंचं. गावात शिकायला आलेली सगळी मराठी मुलं त्यांना काका-काकू म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणतो. काका इंजिनिअर, पण नागपूरला फोन लागला की इतके ओरडून बोलत, जणू मधल्या तारेवर त्यांचा विश्वासच नव्हता. काकूंचं बोलणं हळू. बोलताना त्या माझी वायर बोटाला गुंडाळत. त्यांच्या बोटांना नेहमी कणकेचा किंवा कोथिंबिरीचा वास असे, आणि तो मला आवडायचा.

मग माझ्या आयुष्यात शरयू आली. काकूंची धाकटी बहीण. ती ओहायोला वनस्पतिशास्त्र शिकत होती. तिच्याजवळ गाडी नव्हती, गाडी चालवायचं लायसन्सही नव्हतं, आणि शिष्यवृत्तीत कसंबसं भागत होतं. पण पाय घरात ठरतील तर शपथ. सुट्टी लागली की बाई एकटी बसने निघालीच. मराठी मंडळातल्या बायका तोंडावर हात ठेवून विचारायच्या, एकटी? आणि गाडीशिवाय? काकूही मनातून धास्तावलेल्या असत. धाकटीवर लक्ष ठेवीन, असा शब्द त्यांनी नागपूरला आपल्या आईला, सुमित्राबाईंना, दिला होता.

रविवारी शरयूचा फोन आला की सगळ्या युक्त्या कळायच्या. ड्रायव्हरच्या पाठीमागची सीट धरायची. पिशवीचा पट्टा पायाला गुंडाळून मगच डोळा मिटायचा. मोठी पेटी स्टँडवरच्या कुलपाच्या कपाटात टाकून गाव पायी बघायचं. कुणी फार चौकशी करू लागलं, तर पुढच्या स्टॉपवर काका घ्यायला येणार आहेत, असं ठोकून द्यायचं. ते बिचारे काका त्या हिशोबाने अर्ध्या अमेरिकेच्या बसस्टँडवर उभे होते. काकू हसता हसता रागवायच्या आणि रागावता रागावता परत हसायच्या.

बहिणीचा जीव टांगणीला लागू नये म्हणून शरयूनेच एक खूण ठरवली. त्या काळी ऑपरेटरकडून कलेक्ट कॉल करता येत असे. म्हणजे पैसे फोन घेणाऱ्याने द्यायचे. ऑपरेटर फोन करणाऱ्याचं नाव सांगून विचारी, हा कॉल घेणार का? नाही म्हटलं की कुणालाच भुर्दंड नाही. शरयू म्हणाली, "ताई, मी माझं नाव सांगितलं की समज, मी पोचले, मजेत आहे. तू सरळ नो म्हण. पण आईचं नाव सांगितलं, सुमित्रा म्हटलं, तर काहीतरी गडबड आहे. मग मात्र येस म्हण." काकूंना ते फार आवडलं. लहानगी दीपा तर मीच नो म्हणणार म्हणून हट्ट धरून बसायची.

१९८२ च्या उन्हाळ्यात शरयूने महिनाभराचा बसचा पास काढला. कॅलिफोर्नियात सांता क्लाराला तिची कॉलेजातली मैत्रीण वीणा राहत होती, तिच्यापर्यंत जायचं आणि दुसऱ्या वाटेने परत यायचं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते. रोज मी वाजायचो, ऑपरेटर म्हणायची, कलेक्ट कॉल फ्रॉम शरयू, आणि काकू म्हणायच्या, "नो, थँक यू." मग मला जागेवर अडकवून क्षणभर माझ्या डोक्यावर हात ठेवायच्या. त्या एका 'नो'मध्ये आई, बहीण, देवाचे आभार, सगळं असायचं. पलीकडून मला बसच्या इंजिनांची घरघर ऐकू यायची. मी भिंतीवर टांगलेला असूनही असा शिकागो, डेन्व्हर करत समुद्रापर्यंत जाऊन आलो.

ऑगस्टमध्ये दीपाचा तेरावा वाढदिवस होता. वीसेक माणसं जेवायला यायची होती. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी वाजलो. काकूंचे दोन्ही हात कणकेत, गॅसवर तेल तापलेलं. त्यांनी मनगटाने मला उचललं आणि गाल आणि खांदा यांच्यात धरलं. ऑपरेटर म्हणाली, कलेक्ट कॉल फ्रॉम सुमित्रा, विल यू ॲक्सेप्ट? नाव तिने अगदी स्पष्ट उच्चारलं होतं. माझ्या तारेतही खरखर नव्हती. काकूंचे डोळे तेलाकडे होते. महिनाभराची सवय त्यांच्या तोंडून बोलली.

"नो, थँक यू."

खांद्यावरून निघून हुकावर पोचेपर्यंत मला एक क्षण लागतो. त्या क्षणात पलीकडे कुठल्याशा यंत्रातून थंड पेयाची बाटली खडखडत खाली पडली. आणि शरयूचा आवाज आला, अगदी बारीक, पोटात कळ आलेल्या माणसाचा. ती एवढंच म्हणाली, "ताई." तो शब्द माझ्यातून बाहेर आला तेव्हा तिथे कुणाचाच कान नव्हता.

पहिल्या घाण्याच्या पुऱ्या निघाल्या आणि काकूंच्या हातातला झारा खाली पडला. त्या पुटपुटल्या, "सुमित्रा." मग त्यांनी कणकेच्या हातांनी तबकडी फिरवली, ऑपरेटरला विनवलं, पण फोन कुठून आला होता हे कुणालाच सांगता येईना. संध्याकाळभर त्या माझ्याजवळून हलल्या नाहीत. पाहुण्यांना फोनला हात लावू दिला नाही. मी वाजावं म्हणून त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या, आणि मला स्वतःहून वाजता येत नाही. शरयूने पुन्हा फोन का केला नाही, हे मला आजही कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाजलो तो नेब्रास्कातल्या एका इस्पितळातून. शरयू तशीच पुढच्या बसमध्ये चढली होती. अपेंडिक्स फुटलं होतं. काही तास आधी आणली असती तर वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. तिच्या पिशवीत या घराचा नंबर लिहिलेला कागद सापडला होता. काकांनी काकूंना विचारलं, तिचा काहीच फोन आला नव्हता का? काकू माझ्याकडे बघत म्हणाल्या, "नाही."

त्या दिवसापासून काकूंनी मला उचललं नाही. मी वाजलो की त्या मोरीचा नळ मोठा सोडत. पाच वर्षं मला फक्त काकांचा आणि दीपाचा हात लागला. कधी कधी, पावसापाण्याच्या दिवसांत, माझी घंटी आपोआप एकदाच 'टिंग' करी. विजेमुळे तारेत तसं होतं, असं काका समजावत. काकू हातातलं काम टाकून उभ्या राहायच्या आणि पुढची घंटी होते का याची वाट बघायच्या. ती कधी झाली नाही. आणि मला वाटायचं, शरयूचा तो शब्द माझ्या आत अडकलाय, तोच आतून घंटीवर डोकं आपटतोय. काकूंना ओरडून सांगावंसं वाटे की तिने तुम्हाला हाक मारली होती. ज्याच्यातून अर्धी अमेरिका बोलली, त्या मला स्वतःचा एक शब्द नव्हता.

१९८७ मध्ये दीपा अठरा वर्षांची झाली. कॉलेज सुरू होण्याआधी मावशीसारखंच बसने सांता क्लाराला वीणामावशीकडे जायचं, तेही एकटीने, असं तिने जाहीर केलं. चार दिवस घरात धुसफुस चालली होती. काकू म्हणाल्या, मावशीचं काय झालं ते विसरलीस का? दीपा शांतपणे म्हणाली, अपेंडिक्स तर घरी बसूनही फुटतं. निघायच्या सकाळी त्यांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि मावशीच्याच पद्धतीने रोज फोन कर म्हणाल्या.

"बट आई, यू नेव्हर पिक अप," दीपा म्हणाली.

"उचलीन," काकू म्हणाल्या.

पहिले तीन दिवस फोन संध्याकाळी आले आणि काकांनीच घेतले. त्यांचं 'नो' एवढं दणदणीत असायचं की ते तारेशिवायही पोचलं असतं. चौथ्या दिवशी मी दुपारी वाजलो. काका ऑफिसात. काकू ओट्याशी. पाच वेळा वाजलो, सहा वेळा, सात वेळा. मित्रांनो, आपण ओरडतो याची मला तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली, आणि तरी मी जीव तोडून ओरडत राहिलो. दहाव्या घंटीला काकूंनी मला उचललं. त्यांचा हात गार होता.

कलेक्ट कॉल फ्रॉम दीपा. म्हणजे पोरगी सुखरूप. नो म्हटलं की झालं. काकूंनी तोंड उघडलं, पण तो शब्द काही केल्या बाहेर येईना. ऑपरेटरने पुन्हा विचारलं.

"येस," काकू म्हणाल्या. "येस, आय विल ॲक्सेप्ट."

"आई? तू नो म्हणायचं होतं. मी ओके आहे, आय गेव्ह माय ओन नेम."

"कळलं मला. तू बोल. कुठे आहेस?"

दीपा नेब्रास्कात होती. मावशी गेली तो भाग बघायचा म्हणून मधल्याच एका गावात मुद्दाम उतरली होती, पुढची बस दोन तासांनी होती. तेवढ्यात तिच्या पाठीमागे एका यंत्रातून बाटली खडखडत पडली. मी तो आवाज ओळखला. तीच अडखळ, शेवटी तोच ठक्कन आवाज. दीपाला ठाऊक नव्हतं, काकूंना ठाऊक नव्हतं, फक्त मला ठाऊक होतं की पोरगी नेमकी कुठल्या फोनपाशी उभी आहे. माझी सगळी तार शहारली.

काकू भिंतीला टेकून हळूहळू खाली बसल्या. माझी वायर त्यांच्या मांडीवर येऊन पडली. आणि पाच वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांनी सांगितलं.

"दीपा, त्या दिवशी मावशीचा फोन आला होता. तिने आजीचं नाव सांगितलं होतं. आणि मी नो म्हटलं."

पलीकडे दीपाने रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतल्याची खसखस मला ऐकू आली.

"डॅडना माहितीये?" दीपाने विचारलं.

"कुणालाच नाही." मग काकूंनी खाली मान घालून, माझ्या अगदी जवळ तोंड आणून विचारलं, "तिने माझं नो ऐकलं असेल का गं? का त्याच्या आधीच लाइन तुटली असेल?"

"तुटली असेल, आई," दीपा म्हणाली. "शुअर तुटली असेल. दीज ओल्ड फोन्स आर टेरिबल."

मित्रांनो, माझी लाइन त्या दिवशी तुटली नव्हती. माझ्या कामावर आयुष्यात तेवढा एकच आळ आला, आणि तो मी आनंदाने घेतला. काकू पदर तोंडाला लावून रडल्या आणि दीपाची बस येईपर्यंत मला कानाशी धरून बसल्या. त्या संध्याकाळी त्यांनी काकांनाही सगळं सांगितलं. दीपा कॅलिफोर्नियाला पोचली, परत आली, आणि वाटेतून तिने केलेल्या एकाही फोनला काकू नो म्हणाल्या नाहीत.

पुढे १९८९ मध्ये बटणांचा, निरोप टेपवर ठेवणारा नवा फोन आला आणि माझी रवानगी या खोक्यात झाली. त्याची मला तक्रार नाही. पण मागच्या आठवड्यात काकू दिवाळीसाठी मोठे डबे काढायला तळघरात आल्या आणि त्यांच्या हाताला मी लागलो. त्यांनी माझ्यावरची धूळ पदराने पुसली. मग इकडेतिकडे पाहून रिसीव्हर उचलला, कानाला लावला आणि हळूच म्हणाल्या, "येस, ऑपरेटर. पुट हर थ्रू." माझी तार कुठेच जोडलेली नव्हती. त्या तरीही कान दाबून ऐकत राहिल्या. तो शब्द माझ्यापाशी होता. दिला असता, तर बहिणीने आपलं नो ऐकलं होतं हे त्यांना कळलं असतं. न द्यावा, तर तिची शेवटची हाक त्यांना कधीच मिळणार नाही. मी मुका आहे हे बरं की वाईट, हे मला ठरवता आलं नाही.

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुन्या फोनची काळजी घेतली नाहीत तरी चालेल, पण फोनवरच्या माणसाची घ्या. हातात कितीही काम असो, कुणी लांबून, एकट्याने, अनोळखी गावातून फोन केला असेल, तर त्याचं नाव नीट ऐका, आणि त्याचा शेवटचा शब्द संपल्याशिवाय फोन ठेवू नका.

काकू डबे घेऊन वर गेल्या. जाताना त्यांनी रिसीव्हर हुकावर अडकवला नाही, माझ्या शेजारी उताणा ठेवला. तेव्हापासून मी तसाच उचललेला आहे.