माझ्या अंगात तिसरा जन्मला

मित्रांनो, मी कुंभारीच्या माळावर चरणारी एक जुनी मेंढी आहे. माझे पुढचे दात पडले आहेत. आजवर बरेच सोसले, पण गेल्या पावसाळ्यानंतर जे कानांवर आले, त्याने बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही.

सिद्धाप्पांच्या कळपात माझा जन्म झाला. घोंगडीसाठी माझी काळी लोकर कातरली जाई, तेव्हा त्यांची बायको बनाबाई ती गालाला लावून म्हणायची, "लई मऊ हाय की गं तुजी!" माझी कितीतरी कोकरे या माळावर बागडली. शेवटचे पांढऱ्या कानाचे होते. चालताना माझ्या पायांत यायचे.

पाऊस सरत आला तेव्हा सिद्धाप्पांनी बाजारातून एक मेंढा आणला आणि थेट कळपात सोडला. आमच्यात आधीच ताप पसरत होता. मेंढाही आजारीच होता, पण वरून तसे दिसत नव्हते. चिखलावरची चिलटे त्याला चावत, मग मला. माझी जीभ सुजून निळी पडली. पाणी गिळवेना. मी कशीबशी उठले, तर कोकरू तापाने फणफणले. एका सकाळी ते हललेच नाही. मी त्याला नाकाने ढोसत राहिले.

गुरांच्या डॉक्टर पूनमताईंनी तापातच माझे, मेंढ्याचे आणि कोकराचे रक्त तपासायला पाठवले होते. निकाल घेऊन त्या आल्या, तेव्हा मी शेजारीच बांधलेली होते.

"हिच्या अंगात या तापाचे दोन प्रकारचे विषाणू शिरले होते," त्या म्हणाल्या. "एक इथला, एक मेंढ्याबरोबर आलेला. एकाच पेशीत घुसून दोघं वाढायला बघत होते, म्हणजे ओढाताण आलीच. पण त्याच गर्दीत दोघांचे तुकडे मिसळले आणि तिसरा तयार झाला."

"भांडत हुते, आन मिळून तिसरा केला?" बनाबाईने पदर तोंडाला लावला.

"ठरवून नाही हो. त्यांना मन कुठं असतं? पण झालं तसं. चिलटांनी तो कोकरापर्यंत पोचवला; त्याच्या रक्तात फक्त तो तिसराच सापडला."

माझा रवंथ थांबला. ज्या अंगाला बिलगून ते दूध प्यायचे, त्याच अंगात हे घडले होते!

शेजारचे चन्नप्पा म्हणाले, "मंग इकून टाका की कसायाला. हिनंच घात केला."

"मेंढा कळपात हिनं सोडला व्हय?" बनाबाई कडाडली. सिद्धाप्पांनी मान खाली घातली. मग ते उठले, त्यांनी मला आणि मेंढ्याला कळपापासून लांब बांधले आणि चिलटे पळावीत म्हणून कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला. आता मी बरी आहे. कळपातही परतले आहे. फक्त दूध पिणारे कोणी नाही.

मित्रांनो, तुम्हाला बोलता येते, म्हणून सांगते. नवे जनावर आणाल तेव्हा आधी वेगळे बांधा, डॉक्टरांना दाखवा. आणि आजारी पडलेल्याला गुन्हेगार ठरवू नका. आपल्या अंगात काय चालले आहे, हे त्यालाच सगळ्यांत शेवटी कळते.