मास्तरांचा पांढरा उजेड

"हासुद्धा पिवळा मारतोय," मास्तर म्हणाले. "पुढचा लावा."

माशांच्या दुकानात एका फळीवर तीन सारख्या टाक्या मांडलेल्या होत्या आणि दुकानदार त्यांच्यावर एकेक एलईडी दिवा लावून दाखवत होता. मास्तर हात मागे बांधून, मान जराशी तिरकी करून बघत होते. गेली एकतीस वर्षं ते कापडाकडेही असेच बघत आले होते. कापड रंगवायच्या कारखान्यात ते शेड मास्तर होते. गिऱ्हाइकाच्या नमुन्याशी रंग जुळला की नाही ते मास्तरांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची, अशी तिथली पद्धत. अंगात कायम राखाडी सदरा, कारण रंगीत सदऱ्याची झाक कापडावर पडते. स्वतःच्या लग्नातही राखाडीच घालणार होते, आईनं रडून रडून पांढऱ्यावर आणलं.

"काका, तुमच्या जुन्या दिव्याला काहीही झालेलं नाही," दुकानदार म्हणाला. मास्तरांनी पिशवीतून आणलेला दिवा त्यानं आधीच लावून पाहिला होता. "झाडांना नवी पानं फुटतायत ना?"

"फुटतायत."

"काचेवर शेवाळ?"

"नाही. पण लाल झाड मातकट झालंय. पाणी तर चहासारखं दिसतं."

"टाकीत लाकूड ठेवलंय का? लाकडाचा रंग सुटतो कधी कधी."

"लाकूडबिकूड काही नाही. पाणी दर आठवड्याला बदलतो मी."

दुकानदारानं डोकं खाजवलं. मग मधल्या टाकीवरचा दिवा दाखवत म्हणाला, "बदलायचाच असेल तर हा घ्या. भर दुपारच्या उन्हासारखा आहे, झाडांना मानवतो. दिवसाचे सात-आठ तास लावा, जास्त नको. जास्त उजेड झाला की झाडांआधी शेवाळच माजतं."

"हाच तर पिवळा आहे म्हणतोय मी."

दुकानदारानं एकदा दिव्याकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे पाहिलं आणि खोक्यावरचे आकडे वाचून दाखवायला लागला. मास्तरांनी खोकं हळूच बाजूला सारलं. "आकडे असतात ते ज्याला डोळे नाहीत त्याच्यासाठी." हे वाक्य कारखान्यात सगळ्यांना पाठ होतं. तिथे रंग मोजायचं यंत्र आलं, तेव्हाही मास्तर हेच म्हणाले होते आणि दुसऱ्या दिवसापासून त्या यंत्रावर आपला जेवणाचा डबा ठेवायला लागले होते.

तिसरा दिवा लागला आणि मास्तरांचा चेहरा उजळला. "हा बघा पांढरा! हाच द्या."

"अहो काका, हा खाऱ्या पाण्याच्या टाकीचा आहे. चांगला निळा आहे. झाडांना काय उपयोग त्याचा?"

"मला रंग शिकवू नका," मास्तर म्हणाले. गिऱ्हाइकाशी वाद घालू नये हे दुकानदाराला कळत होतं. त्यानं मुकाट्यानं दिवा बांधून दिला.

मास्तरांच्या घरी बाहेरच्या खोलीत खिडकीपासून लांब दोन फुटी टाकी होती. दिवसभर रंग बघून डोळे शिणतात, घरी गेल्यावर हिरव्याकडे बघत बसावं, असं त्यांना ज्यांनी हे काम शिकवलं त्यांनी सांगितलं होतं. तेव्हापासून ही टाकी होती. मासे पाच-सहाच. खरी हौस झाडांची. मागच्या बाजूला उंच गवतासारखी पाती, पुढे बुटकं हिरवं, आणि मधोमध ते लाल झाड. मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा मास्तर चार दिवस त्या टाकीसमोरून हलले नव्हते.

त्यांनी नवा दिवा बसवला आणि बायकोला हाक मारली.

"अगंबाई," ती दारातच थांबली. "हे काय आणलंत? मासे मेल्यासारखे दिसतायत."

"नीट बघ. पांढरा आहे."

"अहो, निळाशार आहे! हे बघा." तिनं टाकीवर हात धरला. "माझा हात बघा, प्रेताचा असावा तसा दिसतोय."

"तुला रंगातलं काय कळतं?"

"नाही बाई कळत. इतकी वर्षं तुम्ही कुठे कळू दिलंत?" ती हसत म्हणाली. मग थट्टेतच बोलून गेली, "पण काय हो, कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात, तसं तर नाही ना झालं तुम्हाला? जुना दिवा पिवळा, भिंत पिवळी. परवा तर दुधाला पिवळं म्हणालात."

मास्तर आत गेले आणि कपाटातून आपला पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात कापडाचे तुकडे चिकटवलेली कार्डं होती. पांढऱ्याचीच दहा. अगदी दुधी पांढऱ्यापासून निळसर पांढऱ्यापर्यंत, आणि प्रत्येकाच्या मागे आकडा. शिकाऊ माणसाची परीक्षा ते याच कार्डांवर घेत. सात जुळली नाहीत तर दुसरं काम शोध म्हणून सांगत.

"पिसून दे," ते म्हणाले. खिडकीशी स्वच्छ दुपारचा उजेड होता. बायकोनं कार्डं पिसून दिली आणि मास्तरांनी ती ओळीनं लावली. नेहमी अर्ध्या मिनिटात लावायचे. आज पाच-सहा मिनिटं लागली.

बायकोनं एकेक कार्ड उलटं केलं. पहिलं चार, मग नऊ, मग एक, मग सात. तिनं मध्येच हात थांबवला.

"पुन्हा लावा एकदा. पिसताना मीच काहीतरी घोळ केला असेल."

"तू काही केलेलं नाहीस," मास्तर म्हणाले आणि कार्डं डब्यात भरायला लागले. आपले डोळे गेले, हे त्यांच्या लक्षात आलं. पण त्यांना भीती वाटली ती डोळ्यांची नव्हे. त्यांना रत्ती आठवली.

रत्ती त्यांच्या खात्यात रंगाची पूड तोलायची. पूड तोलताना काटा रत्तीभरही हलू नये म्हणून श्वास धरून ठेवायची, म्हणून कोणीतरी तिला रत्ती म्हणायला लागलं आणि अकरा वर्षांत तिचं खरं नाव सगळे विसरले. महिन्याभरापूर्वी दुधी पांढऱ्या कापडाचा मोठा माल गिऱ्हाइकाकडून परत आला. माल निळा पडलाय, अशी तक्रार होती. मालकांनी विचारल्यावर मास्तर ठामपणे म्हणाले, "माझ्या सहीचा नमुना बरोबर आहे. तोलताना निळा रंग जास्त पडला असणार." मास्तरांनी पास केलेला नमुना त्यांच्या सहीसकट वहीत चिकटवलेला होता. वही उघडून तो बघावा असं कोणाच्या मनात आलं नाही. मास्तरांची सही पडलेला तुकडा पुन्हा बघायचा नसतो, असा त्या कारखान्याचा अलिखित नियम होता. "मास्तर, मी दोनदा तोललं होतं हो," रत्ती म्हणाली होती. "हात आहे, चुकतो कधीतरी," मास्तरांनी तिला समजावलं होतं, आणि तेही अगदी मायेनं. संध्याकाळी तिला कामावरून काढलं.

दुसऱ्या दिवशी बायको त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी बराच वेळ तपासलं. मोतीबिंदू पिकलाय, तो काढू, पण मागचा पडदा साखरेनं खाल्लाय, तो काही परत येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. "काम काय करता?" त्यांनी विचारलं. "कपड्यांच्या कारखान्यात आहेत," बायकोनं सांगितलं.

तिथून मास्तर तडक कारखान्यात गेले. नमुन्यांची वही काखेत मारून मालकांसमोर उभे राहिले. "हा माझ्या सहीचा तुकडा, हा गिऱ्हाइकाचा नमुना. शेजारी धरून बघा."

मालकांनी बघितलं. पुन्हा बघितलं. "हा तर इथेच निळा आहे."

"मला पिवळट वाटला म्हणून मीच निळा वाढवायला सांगितला. रत्तीनं मी लिहून दिलं तेवढंच तोललं. मला दिसत नाही, साहेब."

मालकांनी वही मिटली आणि उठून दार लावून घेतलं. "मास्तर, हे तुमच्या-माझ्यातच राहू दे. बाहेर कळलं तर आजवरच्या सगळ्या मालावर लोक संशय घेतील. रंगाच्या धंद्यात नावच सगळं, तुम्हाला मी सांगायला नको."

"आणि रत्ती?"

"तिच्या जागी तोलायचं मशीन बसवलं. आता कुठे परत आणता तिला, आणि काय कारण सांगून? तुम्ही आराम करा. तुमचा निरोप समारंभ झोकात करू."

मास्तर बाहेर आले. वही जागेवर ठेवण्यापूर्वी त्यांनी आपल्या सहीचा तो तुकडा पानावरून उचकटला आणि खिशात घातला. वहीतला नमुना काढण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

रत्तीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यात पायऱ्यांच्या कडा त्यांना नीट दिसत नव्हत्या. गेल्या वर्षभरात त्यांनी याचा दोष जिन्यांतल्या दिव्यांना दिला होता. दार रत्तीनंच उघडलं. एका महिन्यात ती पार वाळली होती. तिनं "या" म्हटलं, खुर्ची पुढे केली. टेबलावर लहानसा काटा होता आणि त्याच्याभोवती कागदाच्या पुड्यांच्या ओळी.

"हे काय?"

"मीठ आहे," रत्ती म्हणाली. "रोज शंभर पुड्या तोलते. मग एकेक सोडून परत तोलून बघते, कुठे चुकतेय ते."

"किती चुकल्या?"

"अजून एकही नाही. पण चुकत असणारच की. तुम्ही म्हणालात म्हणजे काहीतरी असणारच." तिनं खाली बघितलं. "तीन कारखान्यांत विचारून आले. सगळ्यांना माहीत झालंय. तुझाच हात ना तो, म्हणतात."

आपण माणसाची नोकरी घालवली एवढंच मास्तर धरून चालले होते. तिचा स्वतःच्या हातावरचा विश्वासही घालवलाय, हे त्यांना आत्ता कळलं.

"रत्ती, तुझा हात चुकला नव्हता," ते म्हणाले. "माझे डोळे गेलेत. हे बघ."

तिनं तुकडा हातात घेतला, खिडकीपाशी नेला, मागची सही पाहिली. "हा निळा आहे," ती म्हणाली. "आंधळ्यालाही दिसेल."

"मला पांढरा दिसतो."

"अजूनही?"

"अजूनही."

तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. त्या खायच्या तयारीनंच ते आले होते. पण ती वळली आणि तिनं वहीचा कागद आणि पेन त्यांच्यापुढे ठेवलं.

"लिहून द्या."

मास्तरांनी लिहिलं. ओळी तिरक्या गेल्या, एकावर एक चढल्या. रत्तीनं शेजारी उभं राहून शब्दन् शब्द वाचला.

"आता सही करा. नेहमीसारखी, ठळक. तुमची सही कोणी तपासून बघत नाही, मास्तर."

त्यांनी सही केली. तिनं कागदात तो तुकडा घालून घडी केली आणि डब्यात ठेवली. मग ती टेबलाशी बसली आणि एकेक पुडी सोडून मीठ बरणीत ओतायला लागली. मास्तर उठले तेव्हा तिनं वर पाहिलं नाही. खाली रस्त्यावर येईपर्यंत त्यांना आपण चपला उलटसुलट घातल्याचं कळलं नव्हतं.

घरी बायकोनं जुना दिवा टाकीवर परत बसवून ठेवला होता. नवा खोक्यात घालून दाराशी ठेवला होता, सकाळी दुकानात द्यायला. मास्तर येऊन आपल्या नेहमीच्या जागी बसले.

"लाल झाड कसं दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"लाल."

"नुसतं लाल नसतं काही. कसं लाल?"

बायको गोंधळली. या घरात तिला कोणी कधी रंग विचारला नव्हता. ती टाकीच्या अगदी जवळ गेली, वाकून पाहिलं. "खाली गडद आहे. वर नवी पानं आहेत ना, ती डाळिंबाच्या दाण्यासारखी," ती म्हणाली. "बरोबर सांगतेय का मी?"

मास्तरांना समोर मातीच्या रंगाची काही पानं हलताना दिसत होती. त्यांनी मान डोलवली.