बाबा त्याला बादली म्हणतात

रांग

पुढची गाडी हलत नाही. तिच्या पुढचीही नाही. शर्यतीच्या चढणीच्या पायथ्याशी आम्ही सगळे एकामागे एक, इंजिनं चालू, डोकी तापलेली. माझ्या समोरच्या पडद्यावर हवेच्या तापमानाचा आकडा चढतोय. बाहेरच्या हवेचा नाही, इंजिनाच्या पोटात जाणाऱ्या हवेचा. ती गार असली की गाडी पळते. गरम झाली की इंजिन हात आखडता घेतं.

एक्कावन्न. बावन्न.

खिडकीवर टकटक. बाबा. हातात बर्फाची पिशवी.

"बॉनेट उघड."

"आत्ताच ठेवली होती ना?"

"तिचं पाणी झालं. उघड."

पिशवी ते मॅनिफोल्डवर ठेवतात. मॅनिफोल्ड म्हणजे चार नळ्यांची पेटी, इंजिनाला हवा वाटून देणारी. ही अॅल्युमिनियमची आहे. बाबांनी स्वतः कापली, वाकवली, वेल्ड केली. टाके एकसारखे, माशाच्या खवल्यांसारखे.

आज एकच फेरी. ठरलेल्या वेळेच्या आत वर पोचले तर पुढच्या हंगामात टीमची गाडी माझी. टीमवाल्या बाई वर घड्याळ घेऊन उभ्या आहेत. नाही पोचले तर बाबांच्या कारखान्यात लोकांचे सायलेन्सर जोडायचे. तेही काही वाईट नाही, पण.

पण.

रांग नाही, कारखाना

गाडीत आधी कंपनीची मॅनिफोल्ड होती. काळी, प्लॅस्टिकची. बाबांनी पहिल्याच दिवशी तिच्यावर नख वाजवलं आणि तोंड वाकडं केलं.

"बादली आहे ही."

"बाबा, हिच्यात काचेचे तंतू असतात. मजबूत असते."

"बरं. काचेची बादली."

त्यांच्या लेखी सगळं प्लॅस्टिक म्हणजे बादली. रेडिएटरची टाकी बादली, पाण्याच्या पंपाचा पंखा बादली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी सहज सांगितलं, आत प्लॅस्टिकचं भिंग बसवलंय. तेव्हापासून मी त्यांना सोडत नाही.

"बादलीतून बघता आणि बादलीलाच नावं ठेवता."

"माझ्या डोळ्यात टर्बो हवा कोंबत नाही."



मग मागच्या शर्यतीत ती काळी मॅनिफोल्ड फुटली. फट्‌. भर चढणीवर गाडी मेली. बाबा धावत आले, "लागलं नाही ना कुठे?" म्हणाले, चेहरा अगदी काळजीचा, पण मिशी हसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी अॅल्युमिनियमचा पत्रा दारात.

रांग, एक गाडी पुढे

छप्पन्न.

सरावाच्या दिवशी बाबांची मॅनिफोल्ड लावून गार इंजिनावर पहिली फेरी मारली. गाडी सुसाट. खाली आल्यावर बाबांनी माझी पाठ नाही थोपटली, मॅनिफोल्ड थोपटली. हात भाजला तरी. दुसरी फेरी मारली ती अशीच रांगेत ताटकळून. गाडी गळाली. धातू मनमोकळा असतो, इंजिनाची उष्णता घेतो आणि लगेच हवेला देऊन टाकतो. प्लॅस्टिक आळशी. तापतं तेही, पण पुढे द्यायला टंगळमंगळ करतं. इथे मला आळशीच हवंय.

नवी प्लॅस्टिकची मॅनिफोल्ड मागे व्हॅनमध्ये आहे. खोक्यात. खोकं माझ्या जाकिटाखाली.

सत्तावन्न. बाबा पिशवी दाबून धरतायत, तापलेल्या लहान मुलाच्या कपाळावर ओली घडी धरावी तशी.

जे बोलले नाही

फुटलेली मॅनिफोल्ड मी कारखान्याच्या दारात उन्हात धरून बघितली होती. दाबाने फुगून फुटली असती तर जोडावर उसवली असती. जोड शाबूत होता. भेग निघाली होती बोल्टच्या भोकातून. भोकाभोवती पांढरट वळ, जास्त आवळल्याचा.

ठरलेल्या जोराला कट्‌ वाजून "आता पुरे" सांगणारा पाना आमच्याकडे आहे. टॉर्क रेंच. बाबा त्याला कटकट्या म्हणतात आणि तो भिंतीवर लटकलेला असतो, शोभेला. "माझा हात सांगतो मला," म्हणतात. आणि खरंच सांगतो. धातू आवळत गेलं की एका क्षणी तो उलट रेटा देतो, हाताला कळतं. प्लॅस्टिक रेटा देत नाही. मुकाट सोसतं. आणि मग एखाद्या दिवशी, भर चढणीवर.

म्हणजे बादली फुटली नाही. बाबांनी फोडली.

हे सांगायचं कसं? "बाबा, एक बोलू?" नाही. "बाबा, ती भेग..." नाही. "बाबा, तुमचा हात..." मुळीच नाही.

रांग मोडली

झेंडेवाला ओरडत येतो. "वर तेल सांडलंय! रस्ता पुसतायत! बंद करा सगळं. जेवायचं असेल त्यांनी जेवून घ्या!"

बंद. पडदा विझतो. बाबांच्या कोपरावरून बर्फाचं पाणी ठिबकतंय. मी उतरते. उभी राहते. परत बसावंसं वाटतं. बसत नाही.

"बाबा, बदलूया."

"टायर?"

"मॅनिफोल्ड. व्हॅनमध्ये नवी आहे. प्लॅस्टिकची."

ते माझ्याकडे बघतात, मग व्हॅनकडे, मग परत माझ्याकडे.

"आजच्या दिवशी बादली घेऊन जाणार? मागच्या वेळी काय झालं विसरलीस?"

"मागच्या वेळी तुम्ही जास्त आवळली होती."

झालं बोलून. पिशवीतला बर्फ खुळखुळतो.

"कोण म्हणतं?"

"भेग म्हणते. बोल्टपासून निघालीय."

"आणि मी इतके दिवस पत्रा ठोकत होतो तेव्हा मूग गिळून बसलीस?"

"बसले."

"का?"

"तुम्ही खूश होता."

आता ओरडतील. ओरडत नाहीत. पिशवी जमिनीवर टाकतात आणि बॉनेटखाली वाकतात.

"दहाचा पाना दे. बघत काय उभी राहिलीस?"

हात

नळी. क्लिप. दुसरी क्लिप उडाली, कुठे गेली, मिळाली. इंधनाची पट्टी बाजूला. "चटका बसेल, बाबा." "बसला." खवल्यांसारखे टाके उन्हात चमकत बाहेर. काळी पेटी आत. बोल्ट बोटांनी फिरवून बसवले. बाबा पाना लावतात. लावतात आणि थांबतात.

"कटकट्या आणलायस?"

"आणलाय. घ्या."

"मला नको. तूच आवळ. मी कट्‌ झाल्यावर अजून एक पीळ देईन. माझा हात माझं ऐकत नाही."

मी मधल्या बोल्टपासून सुरू करते. कट्‌. कट्‌. दर वेळी बाबांची बोटं हवेतच जराशी वळतात.

"बस?"

"बस."

"एवढंच?"

"एवढंच."

"सैल आहे गं."

"नाहीये."

"सैल आहे. मला दिसतंय ना."

"बादलीतून?"



चढण

झेंडा. पाय. पहिलं वळण, धूळ, दुसरं. पडद्यावर एक्केचाळीस. कान रस्त्यावर नाहीत, बॉनेटखाली आहेत. मागच्या वेळी फुटली ते वळण आलं. आता. आता फुटणार. आता. नाही. गेलं ते वळण. पुसलेल्या तेलावर मागचं चाक जरा निसटतं, सावरतं. सरळ रस्ता. पाय तळाला. बाईंचा हात वर.

पापणी लवावी एवढ्या फरकाने, पण वेळेच्या आत.

खाली

बाबा व्हॅनच्या पायरीवर. मांडीवर त्यांची मॅनिफोल्ड.

"मिळाली, बाबा. गाडी मिळाली."

"ऐकलं भोंग्यावर." उठतात. माझ्या डोक्यावर हात ठेवतात, चटक्याचं मलम लावलेला, केसांना चिकटतो. हात काढायच्या आतच, "आणि माझी असती तर?"

"काय?"

"माझी मॅनिफोल्ड लावून गेली असतीस तर? गाडी इतका वेळ बंद होती. तीही गार झालीच असती की."

हे मला सुचलंच नव्हतं.

"रांगेत परत तापली असती," मी म्हणते.

"किती?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे काय? मग बदलली कशाला?" ते मॅनिफोल्डवर नख वाजवतात. टण्‌. "रविवारी सराव आहे. दोन्ही लावून बघायच्या. रांगेत उभं राहून."

"बाबा, मला आत्ता बसू तरी द्या."

"बस ना. कोण नको म्हणतंय?"

मी पायरीवर बसते. ते बसत नाहीत. कटकट्या उचलतात, उलटापालटा करून बघतात, व्हॅनच्या पुढच्या चाकाच्या एका नटाला लावतात. रेटतात. कट्‌.

थांबतात. माझ्याकडे बघतात. परत नटाकडे.

कट्‌.

"बघितलंस?" म्हणतात, आणि अजून एक देतात.